विनयातील 'नवकम्म' आणि पूर्णाकाठची नवी घरे

बौद्ध वास्तूंचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर साधारणतः लेणी, स्तूप आणि चैत्यगृहे उभी राहतात. त्यांचे स्तंभ, गवाक्षे आणि शिलालेख यांचा अभ्यास विपुल झाला आहे. परंतु या वास्तू उभ्या राहण्यापूर्वी, संघाची वसती जेव्हा गवत, माती आणि लाकूड यांचीच होती, तेव्हा 'नवे घर बांधताना काय करावे व काय करू नये' याविषयी भिक्खुसंघाने जे नियम केले, त्यांकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे. विनयपिटकात या कामास 'नवकम्म' असा शब्द आहे. नवकम्म म्हणजे नवे बांधकाम आणि त्यावरील देखरेखही. प्रस्तुत लेखात या नियमांचा परामर्श घेऊन, आजच्या एका विशिष्ट प्रदेशातील घरबांधणीकडे त्यांच्या दृष्टीने पाहण्याचा आमचा विचार आहे.

तो प्रदेश म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुका व त्याच्या सीमेवरचा पूर्णाकाठ. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णा, आणि मध्ये काळी, कपाशीची जमीन. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होईपर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात मोडत होता. आज येथे दोन कारणांनी नवी घरे उभी राहत आहेत. एक, शासकीय घरकुल योजना. यांत अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेली रमाई आवास योजनाही आली. दुसरे कारण पूर्णेवरील जिगाव प्रकल्प. त्याच्या बुडीत क्षेत्रात नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि शेगाव या तालुक्यांतील गावे येतात, व त्या गावांना नव्या जागी नवी घरे बांधावी लागतात. घर बांधताना आणि त्यात राहताना माती, पाणी, झाडे व इतर जीव यांची हानी कमीत कमी कशी होईल, हा प्रश्न येथे प्रत्येक कुटुंबासमोर प्रत्यक्ष उभा आहे.

१. धनियाची कुटी

या विषयावरील विनयातील पहिली कथा पाराजिककांडात, दुसऱ्या पाराजिकाच्या निदानात आली आहे. राजगृहाजवळ इसिगिली पर्वताच्या पायथ्याशी काही भिक्खूंनी वर्षावासासाठी गवताच्या कुट्या बांधल्या होत्या. तीन महिने सरल्यावर त्यांनी त्या मोडल्या, गवत व लाकूड नीट आवरून ठेवले आणि ते चारिकेस निघाले. कुंभारपुत्र धनिय मात्र तेथेच राहिला. तो भिक्षेस गेला असता गवत व लाकडे गोळा करणाऱ्यांनी त्याची कुटी मोडून सामान नेले. असे तीनदा घडले. तेव्हा आपल्या पिढीजात विद्येचा उपयोग करून त्याने संपूर्ण मातीची कुटी घडविली आणि गवत, लाकूड व शेण रचून ती भाजून काढली. ती इंद्रगोप किड्यासारखी तांबडी, देखणी झाली. तिच्यावर आघात केला असता घुंगरासारखा नाद उठे.

गृध्रकूटावरून उतरताना भगवंतांची दृष्टी तिच्यावर पडली. त्यांनी धनियाचा निषेध केला आणि भिक्खूंना ती कुटी फोडण्यास सांगितले. कारण असे की, ती भाजताना असंख्य जीवांविषयी त्याच्या मनात दया उरली नव्हती. आणखी एक कारण तेथे दिले आहे, आणि आमच्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. पुढे येणाऱ्या लोकांनी हे उदाहरण गिरवून प्राण्यांचा घात करू नये, हे ते कारण. एका कुटीच्या भट्टीत किती जीव जळले एवढाच हिशेब येथे मांडलेला नाही. तीच रीत सर्वांनी उचलली तर काय होईल, याचाही विचार केलेला आहे.

या कथेचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. मोडलेली वास्तू राजवाडा नव्हती. ती मातीची झोपडी होती. माती म्हणजे निर्दोष आणि पक्के बांधकाम म्हणजे सदोष, असे सोपे समीकरण विनय मांडत नाही. दोष इंधनात होता, जळालेल्या जीवांत होता. कथेचा पुढचा भागही हेच दाखवितो. मातीची कुटी गेल्यावर धनियाने राजाच्या संमतीची खोटी बतावणी करून, नगराच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले लाकूड नेले, आणि त्यातूनच अदत्तादानाचा पाराजिक नियम निर्माण झाला. साहित्य बदलले म्हणून दोष टळला नाही.

२. माप आणि जागा

सहाव्या संघादिसेसाचे निदान आळवी नगरातील आहे. तेथील भिक्खू स्वतःसाठी अमर्याद आकाराच्या कुट्या बांधू लागले. त्या पुऱ्या होईनात. मग त्यांनी लोकांकडे मागणी सुरू केली: माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, वाकस द्या, कुऱ्हाड द्या, वेल, बांबू, गवत, माती द्या. लोक इतके त्रासले की भिक्खू दिसताच वाट बदलू लागले. दुरून गाय दिसली तरी भिक्खू समजून पळू लागले. आकार मोठा झाला की साहित्य अधिक लागते, आणि त्याचा भार कोणावर तरी पडतोच, हे विनयकारांनी काहीशा विनोदी अंगाने पण अचूक सांगितले आहे.

यावर जो नियम झाला त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग मापाचा. ज्या कुटीस कोणी दाता नाही ती सुगत-वितीने लांबीस बारा व रुंदीस सात विती असावी. लांबी बाहेरून मोजावी, रुंदी आतून. अट्ठकथेच्या मते सुगत-वीत म्हणजे मध्यम पुरुषाच्या तीन विती. तसे धरल्यास क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस मीटर होते. सुगत-वीत ही सामान्य विती इतकीच धरल्यास ते चार-पाच चौरस मीटरवर येते. २०१६ पासून लागू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. एका भिक्खूची कुटी आणि एका कुटुंबाचे घर यांची बरोबरी करता येत नाही, हे उघड आहे. तथापि 'किती पुरे' हा प्रश्न बांधकामापूर्वीच विचारला पाहिजे, हे तत्त्व दोहोंसही लागू पडते.

दुसरा भाग जागेचा. जागा 'अनारंभ' हवी, म्हणजे तेथे कोणाचा घात किंवा उपद्रव होऊ नये. सुत्तविभंगात याचे जे विवरण आहे ते वाचताना आजच्या वाचकास नवल वाटेल. मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू, गोम यांची वसती जेथे आहे, किंवा वाघ, बिबळ्या, अस्वल, तरस यांचे आश्रयस्थान जेथे आहे, ती जागा वर्ज्य. धान्याच्या शेतास लागून, स्मशानास लागून, हमरस्त्यास किंवा चव्हाट्यास लागून असलेली जागाही वर्ज्य. शिवाय ती 'सपरिक्कमन' हवी: जुंपलेली गाडी किंवा शिडी घराभोवती फिरवता यावी एवढी मोकळीक भोवती हवी.

तिसरा भाग पद्धतीचा, आणि तोच सर्वांत मोलाचा. बांधणाऱ्याने जागा स्वतः ठरवायची नाही. त्याने संघासमोर विनंती करायची. संघाने, किंवा संघाने नेमलेल्या जाणत्या भिक्खूंनी, प्रत्यक्ष जाऊन जागा पाहायची, आणि नंतर ती संघासमोर मांडून संमत करायची. यास 'वत्थुदेसना' म्हणतात. ज्यांना त्या घरात राहायचे नाही, परंतु ज्यांच्या शेजारी ते घर उभे राहायचे आहे, त्यांचाही त्या निर्णयात भाग आहे.

३. छन्नाचे दोन अपराध

कोसंबीच्या छन्न भिक्खूचे नाव या संदर्भात दोनदा येते. एका उपासकाने त्याच्यासाठी विहार बांधण्याचे मान्य केले, तेव्हा जागा साफ करताना छन्नाने गावाने, नगराने व जनपदाने पूजिलेला एक वृक्ष तोडविला. लोकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. त्यावरून सातवा संघादिसेस झाला. येथे दाता असल्यामुळे मापाचे बंधन नाही. मोठा विहार बांधता येतो. जागेची पाहणी आणि संघाची संमती मात्र तशीच आवश्यक राहते. पैशाची अडचण नाही म्हणून झाड तोडण्याची मोकळीक मिळत नाही, असा याचा अर्थ.

दुसरी कथा एकोणिसाव्या पाचित्तियाची. बांधून झालेल्या विहारावर छन्न पुन:पुन्हा छप्पर घालवीत आणि लेप देववीत राहिला. भार इतका वाढला की विहार कोसळला. मग नवे गवत व लाकूड गोळा करताना त्याने एका ब्राह्मणाचे जवाचे शेत तुडविले. नियम असा झाला की छपराचे दोन-तीन थरच द्यावेत, आणि ते काम सांगणाऱ्याने जेथे हिरवे पीक नाही अशाच जागी उभे राहावे. विसावे पाचित्तिय पुन्हा आळवीचे आहे: बांधकाम चालू असता, जीव असलेले पाणी जाणूनबुजून गवतावर अथवा मातीवर ओतू नये.

येथे कोणी म्हणेल की हे सारे नियम भिक्खूंचे आहेत, गृहस्थांस ते लागू नाहीत. ते खरेच आहे. परंतु हेही विसरू नये की यांतील बहुतेक नियम गृहस्थांच्या तक्रारीवरून झालेले आहेत. झाड तोडले म्हणून बोलणारे, शेत तुडविले म्हणून बोलणारे आणि मागणीला कंटाळलेले लोक खेड्यातले व नगरातले सामान्य लोकच होते. विनयाने त्यांची तक्रार ऐकली आणि तिला नियमाचे रूप दिले.

४. जुने वस्त्र आणि मातीचा गिलावा

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधविल्याची कथा आहे. त्या प्रसंगी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती मिळाली: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. यांत मजली इमारतही आली. छपरासाठी वीट, दगड, चुना, गवत व पाने अशी पाचही साधने मान्य झाली. वारा व उजेड यांसाठी तीन प्रकारच्या खिडक्या सांगितल्या. नवकम्माची जबाबदारी लहान विहारास पाच-सहा वर्षे, अड्ढयोगास सात-आठ वर्षे आणि मोठ्या विहारास किंवा पासादास दहा-बारा वर्षे अशी ठरविण्यात आली. वास्तू पूर्ण झाली की काम संपले असे मानलेले नाही.

त्याच चुल्लवग्गाच्या शेवटी आनंद व राजा उदेन यांचा संवाद आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली हे कळताच राजास शंका आली, की एवढ्या वस्त्रांचे हा करणार काय? आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरणे करू. जुन्या पांघरणांच्या गादीच्या खोळी, खोळींची बैठकीची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकी जीर्ण झाल्यावर ती कुटून, चिखलात मळून जमीन सारवू. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. या कथेत वस्त्राचा शेवट घराच्या जमिनीत होतो. कोणतीही वस्तू उकिरड्यावर जात नाही.

तंतू मिसळलेल्या मातीचे सामर्थ्य महाराष्ट्रास अपरिचित नाही. अजिंठ्याची चित्रे ज्या गिलाव्यावर आहेत, त्यात माती, दगडाची भुकटी, गवत आणि वनस्पतींचे तंतू आहेत. आणि पाचव्या शतकातील ती चित्रे आजही आपण पाहतो. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. माती कमकुवत असते हा समज म्हणूनच तपासून पाहण्याजोगा आहे. कमकुवत असते ती निष्काळजीपणे वापरलेली, पाण्यापासून न राखलेली माती.

५. भोन

या चर्चेस पूर्णाकाठी एक प्रत्यक्ष पुरावा आहे. जळगाव जामोदशेजारच्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली २००२ नंतर उत्खनन झाले. विटांचा स्तूप, त्याभोवतीचा प्रदक्षिणापथ आणि मौर्य-सातवाहन काळातील वसती उजेडात आली. तिचा लक्षणीय भाग म्हणजे तेथील कड्यांच्या विहिरी. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या अशा विहिरी तेथे मोठ्या संख्येने मिळाल्या.

भारतात अन्यत्रही अशा विहिरी मिळाल्या आहेत, आणि त्या पिण्याच्या पाण्यासाठी होत्या की सांडपाणी जिरविण्यासाठी, हे स्थळानुसार ठरवावे लागते. काहीही असले तरी दोन्ही अर्थांनी निष्कर्ष एकच निघतो, की या वसतीने पाण्याचा विचार घराबरोबरच केला होता. पूर्णेचे हे खोरे आज खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. भूजल खारट आहे, आणि पिण्याचे पाणी ही येथील लोकांची जुनी व्यथा आहे.

भोनचे हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात मोडते. स्तूप आणि आजची गावे अशा रीतीने एकाच रेषेखाली येतात. स्तूपाच्या रक्षणासाठी आवाज उठला, तो योग्यच आहे. परंतु स्तूप बांधणाऱ्यांनी पाण्याबाबत बाळगलेली दक्षता नव्या वसाहतींत उतरली नाही, तर केवळ विटांच्या रक्षणाने त्यांच्या वारशाचे रक्षण होईल असे आम्हांस वाटत नाही.

६. पक्क्या घराचा प्रश्न

आता या विवेचनातील नाजूक भागाकडे वळू. पर्यावरणाचा विचार मांडताना पुष्कळदा असे सुचविले जाते की लोकांनी पुन्हा मातीच्या घरांकडे वळावे. वऱ्हाडात मातीच्या जाड भिंतींची व मातीच्याच सपाट छताची 'धाब्याची' घरे होती. सातपुड्यातील आदिवासींची कुडाची घरे आजही दिसतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असता ती घरे थंड राहत, हे खरे. पण गावाबाहेरच्या वस्तीतील मनुष्याला मातीचे घर म्हणजे काय होते, हेही सांगितले पाहिजे. पाटलाचा वाडा मातीचा असला तरी त्याला सागाची तुळई आणि हाताखाली माणसे होती. गावकुसाबाहेरच्या झोपडीला दरवर्षी गळणारे छप्पर, पावसात खचणारी भिंत आणि आत शिरणारा साप होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या पिढ्यांनी पक्के घर बांधले ते चैनीसाठी नव्हे. माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी. त्या लोकांना 'तुम्ही मातीत राहा' असे सांगणे हा धम्मविचार नव्हे.

विनयही तसे सांगत नाही. त्याने धनियाची मातीची कुटी फोडली आणि पासादास अनुमती दिली. तेव्हा प्रश्न कच्चे की पक्के हा नाही. बांधण्यापूर्वी माप, जागा, साहित्य आणि पुढील निगा यांविषयी आपण विचारले काय, हा आहे.

साहित्याविषयी पाहू. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के केवळ सिमेंटच्या निर्मितीतून होते. चुनखडी भाजताना तिच्यातूनच तो वायू सुटतो आणि इंधनाचा वेगळा. तांबड्या विटेसाठी शेताची वरची सुपीक माती जाते व भट्टीत इंधन जळते. धनियाच्या कुटीचा दोष येथे शतपट वाढून समोर येतो, कारण ही रीत खरोखरच सर्वांनी उचलली आहे. यास काही उपाय जवळच आहेत. अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक वीज केंद्रातून राख निघते. राखेच्या विटा भाजाव्या लागत नाहीत, पाणी मारून पक्क्या होतात. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून बांधकामात राखेचा वापर बंधनकारक करण्याचे धोरणही आहे. बुडीत गावातील जुन्या घरांचे दगड, तुळया, दारे व चौकटी नव्या घरात घेता येतात; वर्षावासानंतर कुटी मोडून गवत-लाकूड आवरून ठेवणाऱ्या भिक्खूंची हीच रीत होती. वाळू, सळई व सिमेंट यांचा वापर अभियंत्याच्या हिशेबाने करावा. 'जरा जास्त घाला म्हणजे मजबूत होईल' ही छन्नाची समजूत आहे.

जागेविषयी आमच्या लोकभाषेतच एक शहाणपण साठलेले आहे. शेतीच्या जमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. काळी जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे घर तडकते, आणि पिकाची जमीनही जाते. पुनर्वसनाची जागा निवडताना काळी कोणती व पांढरी कोणती, ओढा कोठून वाहतो, कोणती झाडे राखायची, हे पाहण्यास गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांना बोलावले पाहिजे. हीच आजची वत्थुदेसना. भूखंडाच्या नकाशावर सही घेणे म्हणजे वत्थुदेसना नव्हे. भोवतीची मोकळीकही सोडू नये. पश्चिमेच्या उन्हाला अडविणारे एक कडुनिंबाचे झाड त्याच मोकळ्या जागेत मावते.

घरात राहण्याविषयी शेवटचा मुद्दा. सिमेंटचे छत उन्हाने तापते. मग खिडकीत कूलर बसतो, त्याला वीज लागते आणि रोज कित्येक बादल्या पाणी लागते. खारपाणपट्ट्यात हा खर्च परवडणारा नाही. छतास दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात देणे, समोरासमोर खिडक्या ठेवणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. उलट त्याच पक्क्या छताचा एक मोठा गुणही आहे. धाब्याच्या मातीवरून गढूळ पाणी येते; पक्क्या छतावरचे पाणी गोडे व स्वच्छ असते. २५ चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसतरा हजार लिटर पाणी होते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी चौदा हजार लिटर उरते. पाच हजार लिटरची टाकी जरी भरून ठेवली, तरी पिण्यास व स्वयंपाकास रोज वीस लिटर धरून ती अडीचशे दिवस पुरते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवावी. भिक्खूच्या परिस्सावनाचे, म्हणजे पाणी गाळण्याच्या वस्त्राचे, कार्य तेच. ज्या प्रदेशात विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही, तेथे असे घर पाणी खर्च करणारे न राहता पाणी देणारे होते.

उपसंहार

संयुत्तनिकायात वन व उपवन लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई, विहीर व निवारा देणारे यांचे पुण्य अहोरात्र वाढते असा आशय आला आहे. त्यात झाड, पाणी आणि निवारा यांची नावे एकत्रच आली आहेत. निवाऱ्यासाठी इतर दोहोंचा बळी द्यावा ही कल्पना तेथे नाही. जळगाव जामोद परिसरात आज जी घरे व जे विहार बांधले जात आहेत, ते पुढच्या दोन-तीन पिढ्या वापरतील. आमची सूचना एवढीच, की आपल्या वस्त्यांतील बुद्धविहारांनी याचा आरंभ स्वतःपासून करावा. नवा विहार बांधण्यापूर्वी वस्तीची सभा घेऊन जागा पाहावी, माप गरजेपुरते ठेवावे, भोवतीचे झाड राखावे, छताचे पाणी टाकीत घ्यावे, आणि पुढील दहा-बारा वर्षे निगा कोण राखील हे बांधकामापूर्वीच ठरवावे. विहारात हे पाहिलेला मनुष्य आपले घरकुल बांधताना ते विसरणार नाही. धनियाच्या कुटीबाबत भगवंतांना चिंता होती ती पुढच्या लोकांनी काय गिरवावे याची. ती चिंता आज आपल्याकडे आली आहे, आणि ती वाहण्याची साधनेही आपल्याजवळ आहेत.